जिवंत पेशीत प्रथिनाचा वेग आणि मुक्काम मोजायचा आहे: फ्रॅप पुरेल की एकेका रेणूचं ट्रॅकिंग करावं?

पेशीवेध

संप्रेरक दिल्यावर केंद्रकात सक्रिय होणाऱ्या एका ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरबद्दल (जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनाबद्दल) विचारतो आहे. प्रथिन साधारण ६० किलोडाल्टनचं, पेशी यू२ओएस (माणसाच्या हाडाच्या कर्करोगातली लाइन). सध्या जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेलं प्लाझ्मिड ट्रान्स्फेक्ट करून (पेशीत घालून) कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर फ्रॅप चालू आहे, म्हणजे लेसरने एक डाग विझवायचा (ब्लीच) आणि चमक किती वेळात परत येते ते मोजायचं. ब्लीचचं वर्तुळ १ मायक्रोमीटर त्रिज्येचं, ब्लीचनंतरची पहिली प्रतिमा ०.२५ सेकंदांनी, आणि निम्मी चमक परत यायला सुमारे ३ सेकंद लागतात.

अडचण अशी की हाच वक्र निव्वळ विसरणाच्या सूत्रात बसवला तर विसरणांक (रेणू किती झपाट्याने पसरतात त्याचं माप) ०.०७५ चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद येतो. बांधणी-सुटकेच्या मॉडेलमध्ये बसवला तर ७० टक्के रेणू क्रोमॅटिनला (डीएनए आणि त्यावरची प्रथिनं) बांधलेले आणि मुक्काम चार-साडेचार सेकंदांचा. दोन्ही फिट दिसायला सारखेच चांगले.

मला हवंय ते असं: कोणत्याही क्षणी किती टक्के रेणू बांधलेले असतात, एक रेणू एका जागी किती वेळ टिकतो, आणि संप्रेरक दिल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत या प्रथिनाच्या आसपास कोण कोण येतं. कॉन्फोकलशिवाय एक टर्फ सूक्ष्मदर्शक (काचेलगतचा पातळ थरच उजळवणारा) उपलब्ध आहे: ४०५, ५६१ आणि ६४० नॅनोमीटरचे लेसर, १०० पट आणि १.४९ एनएची ऑब्जेक्टिव्ह, एससीमॉस कॅमेरा. सुरुवात कुठून करावी?

फोटॉनमोजणी

दोन्ही फिट चांगले दिसतात, कारण वक्राच्या ज्या भागावर त्यांचा निवाडा व्हायचा तो भाग तुमच्याकडे नोंदलेलाच नाही.

आधी हिशेब पाहा. जीएफपी धरून तुमचं प्रथिन सुमारे ८७ किलोडाल्टनचं. केंद्रकात मोकळं फिरताना असल्या प्रथिनाचा विसरणांक ५ चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद धरला, तर १ मायक्रोमीटर त्रिज्येच्या वर्तुळासाठी अर्धा भरणा होण्याचा काळ ०.२२४ गुणिले त्रिज्येचा वर्ग भागिले विसरणांक, म्हणजे ०.०४५ सेकंद. तुमची पहिली प्रतिमा ०.२५ सेकंदांनी. तोपर्यंत बहुतेक मोकळे रेणू येऊन बसलेत. त्यामुळे '७० टक्के बांधलेले' हा आकडा तुम्ही शून्य क्षणाला ब्लीच किती खोल धरलंत यावरच ठरतो. दुसरीकडे ०.०७५ हा ५ च्या सुमारे पासष्टावा भाग. बांधणी-सुटका फार झपाट्याने होते असं मानलं तर त्याच वक्रातून ९८ टक्के बांधलेले निघतात. एका वक्रातून ७० आणि ९८ अशी दोन उत्तरं निघत असतील तर त्यातलं एकही छापू नये.

फ्रॅपमध्ये अजून एक चाचणी मात्र करून घ्याच, त्यासाठी नवीन काही लागत नाही. त्रिज्या ०.५, १ आणि २ मायक्रोमीटर ठेवून तेच मोजमाप करा. विसरणच वरचढ असेल तर त्रिज्या दुप्पट केल्यावर वेळ चौपट होते. बांधणी वरचढ असेल तर वेळ जवळपास तेवढीच राहते. फक्त त्रिज्या ब्लीचनंतरच्या पहिल्या प्रतिमेवरून मोजा, सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या वर्तुळावरून नको. लेसरचा झोत पसरतो, ब्लीच चालू असतानाच रेणू आत-बाहेर होतात, आणि खरा खड्डा काढलेल्या वर्तुळापेक्षा नेहमीच रुंद असतो.

यापुढचं सगळं मात्र ट्रान्झिएंट ट्रान्स्फेक्शनवर (त्यात प्रथिन तात्पुरतं पण भरमसाठ बनतं) करण्यात अर्थ नाही. क्रोमॅटिनवरच्या जागा मोजक्या असतात. प्रथिन दहा-वीसपट झालं की त्या भरून जातात आणि उरलेले रेणू मोकळे भटकतात, म्हणजे बांधलेल्यांचं प्रमाण तुम्ही स्वतःच पाडलेलं असतं. जनुकाच्या मूळ जागी क्रिस्परने (डीएनए ठरावीक जागी कापून बदलण्याचं तंत्र) हॅलोटॅग घाला, म्हणजेच नॉक-इन करा. हा टॅग ३३ किलोडाल्टनचा आहे आणि क्लोरोअल्केन जोडलेल्या डायशी कायमचा सहसंयोजी बंध करतो. जेएफ५४९, जेएफ६४६ सारखे डाय जीएफपीपेक्षा खूप जास्त फोटॉन देतात, आणि एकेका रेणूच्या कामात सगळं फोटॉनवरच येऊन ठेपतं.

नॉक-इनमध्ये जिथे घात होतो तेवढंच सांगतो. काप स्टॉप कोडॉनपासून १० बेसच्या आसपास असावा. डोनरच्या (घालायच्या डीएनए तुकड्याच्या) दोन्ही बाहू ५०० ते ८०० बेसच्या. डोनरमधल्या पॅममध्ये (क्रिस्परच्या कापणाऱ्या कॅस९ एन्झाइमला लागणारी छोटी खूण) अमिनो आम्ल न बदलणारा बदल करा, नाहीतर नीट दुरुस्त झालेली जागा कॅस९ पुन्हा कापतं. क्लोन तपासताना पीसीआरचा निदान एक प्रायमर बाहूच्या बाहेर, जीनोममध्ये हवा. दोन्ही प्रायमर डोनरच्या आतले असतील तर भलत्याच जागी घुसलेला डोनरसुद्धा सुंदर बँड देतो. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकाराप्रमाणे दाखवणारी चाचणी) पट्टा ३३ किलोडाल्टनने वर सरकलेला आणि मूळ पट्टा नाहीसा झालेला दिसला पाहिजे, प्रमाणही मूळ पेशींइतकंच हवं. शिवाय संप्रेरकानंतर दोन-तीन लक्ष्य जनुकांचं क्यूपीसीआर (आरएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी) करा. टॅगमुळे प्रथिन लंगडं झालं असेल तर पुढची मोजमापं कितीही अचूक असली तरी ती भलत्याच प्रथिनाची असतील.

आता बांधलेल्यांच्या टक्केवारीसाठी जलद ट्रॅकिंग. पीए-जेएफ५४९ हा ४०५ च्या प्रकाशाने जागा होणारा डाय, २५ ते ५० नॅनोमोलर, ३७ अंशांवर अर्धा तास. नंतर धुऊन ताज्या माध्यमात १५ मिनिटं, असं दोनदा. माध्यम फिनॉल रेडशिवायचं, काच १.५ क्रमांकाची. टर्फचा कोन थोडा उतरवून हायलोवर आणा, म्हणजे तिरका पातळ झोत केंद्रकातून जाईल. टर्फ तसंच ठेवलं तर झोत काचेलगतच्या शे-दोनशे नॅनोमीटरच्या वर जात नाही आणि केंद्रक अंधारातच राहतं. फ्रेम १० मिलीसेकंदांची, पण ५६१ चा लेसर प्रत्येक फ्रेममध्ये फक्त १ मिलीसेकंद चालू. कारण विसरणांक ५ असलेला रेणू १० मिलीसेकंदांत एका अक्षावर सरासरी ०.३ मायक्रोमीटर सरकतो, आणि त्याचा ठिपका पुसट होऊन ओळखूच येत नाही. १ मिलीसेकंदात तो ०.१ मायक्रोमीटरच सरकतो. पुसट झालेले जलद रेणू गळले की बांधलेल्यांची टक्केवारी आपोआप फुगते.

एससीमॉसबद्दल एक गोष्ट नेहमी निसटते. त्याचं शटर ओळीओळीने उघडतं. २०४८ ओळी वाचायला बहुतेक कॅमेऱ्यांना सुमारे १० मिलीसेकंद लागतात, म्हणजे पूर्ण फ्रेम घेतली तर सगळ्या ओळी एकाच वेळी उघड्या असण्याचा क्षणच मिळत नाही. मधल्या २५६ ओळी घ्या. वाचन सव्वा मिलीसेकंदावर येतं, आणि उरलेल्या वेळात ५६१ चा झटका मधोमध बसवा. ४०५ चा झटका मात्र वाचनाच्या वेळेत द्या, म्हणजे त्याची पार्श्वचमक प्रतिमेत कमीत कमी मिसळेल. पिक्सेल ६.५ मायक्रोमीटरचा असेल तर १०० पटीला तो ६५ नॅनोमीटर पडतो. २×२ बिनिंग करून १३० करा, फोटॉन विखरून वाया घालवू नका.

४०५ ची तीव्रता इतकी कमी ठेवा की एका केंद्रकात एका फ्रेमला सरासरी एकाहून कमी रेणू चमकेल. घाई करून घनता वाढवली की ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर एका रेणूचं शेपूट दुसऱ्याला जोडतं. उडीची कमाल मर्यादाही जपून निवडा. विसरणांक ५ आणि १० मिलीसेकंद धरले तर ०.६ मायक्रोमीटरची मर्यादा १६ टक्के खऱ्या उड्या कापून टाकते. १.२ ला हजारात एकही कापली जात नाही. घनता कमी असेल तरच १.२ परवडते, म्हणून या दोन गोष्टी एकत्रच ठरवाव्या लागतात.

मंद_शटर

वरच्या सल्ल्यात एक भर, कारण बांधलेल्यांची टक्केवारी सगळ्यात जास्त इथेच बिघडते. हायलोमध्ये स्पष्ट दिसणारा थर जेमतेम ०.७ मायक्रोमीटर जाडीचा असतो. विसरणांक ५ असलेला रेणू तीन फ्रेममध्ये, म्हणजे ३० मिलीसेकंदांत, उभ्या दिशेने सरासरी ०.५५ मायक्रोमीटर सरकतो आणि बऱ्याचदा थराबाहेर जातो. बांधलेला रेणू तिथेच बसलेला असतो. अशा वेळी 'किमान पाच फ्रेमचे ट्रॅक ठेवू' असा नियम लावला की मोकळे रेणू गाळले जातात आणि उत्तर भलतंच वर जातं. ट्रॅकच्या लांबीने गाळू नका. एकेका उडीच्या लांबीचं वितरण घ्या आणि थराबाहेर जाण्याची दुरुस्ती असलेलं मॉडेल वापरा. २०१८ पासून उपलब्ध असलेलं स्पॉट-ऑन हे सॉफ्टवेअर हेच करतं. एकाच फ्रेममध्ये दिसून गेलेल्या रेणूची उडी नसते, पण दोन फ्रेमचा ट्रॅक जरूर धरा.

दुसरं असं की स्थिर रेणूचाही विसरणांक शून्य येत नाही. ठिपक्याची जागा ठरवण्यातली चूक ३५ नॅनोमीटर असेल तर १० मिलीसेकंदांच्या फ्रेमला पूर्ण स्थिर रेणू ०.१२ चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद दाखवतो. ही चूक मॉडेलमध्ये वेगळा घटक म्हणून न घेता '०.१ च्या खालचे बांधलेले' अशी रेघ मारली तर बांधलेल्यांतले निम्म्याहून जास्त मोकळ्यांत मोजले जातील.

दोन नियंत्रणं त्याच दिवशी, त्याच सेटिंगवर घ्या. हॅलोटॅग-एच२बी हिस्टोन, जे जवळपास सगळं बांधलेलं असतं, आणि एनएलएस (केंद्रकात नेणारी खूण) जोडलेला नुसता हॅलोटॅग, जो मोकळा असतो. दुसऱ्याचं प्रमाण शून्य येणार नाही. जे काही येईल तो तुमच्या पद्धतीचा तळ समजा, आणि तुमच्या प्रथिनाचा आकडा त्याच्या वर किती आहे तेवढंच बोला.

आता मुक्काम. त्यासाठी सेटिंग अगदी उलट. साधा जेएफ५४९, फक्त ५ ते ५० पिकोमोलर, म्हणजे मोजकेच रेणू रंगतील. एक्स्पोजर ५०० मिलीसेकंद आणि लेसर जितका मंद चालेल तितका. मोकळे रेणू या लांब एक्स्पोजरमध्ये पसरून पार्श्वभूमीत मिसळतात, बांधलेलेच ठिपक्यासारखे दिसतात. ठिपका किती फ्रेम टिकला त्याचा जगण्याचा वक्र काढा. बहुतेक ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरना दोन घातांक लागतात: एकेक सेकंदाच्या आत सुटणारे ओझरते स्पर्श आणि काही सेकंद टिकणारी खरी बांधणी. सॉक्स२ चा विशिष्ट मुक्काम १२ ते १५ सेकंदांच्या घरात मोजला गेलाय, सीटीसीएफचा एखाद-दोन मिनिटं, तर कोहेसिनचा वीसेक मिनिटं. म्हणजे प्रथिनाप्रमाणे शंभरपटीचा फरक पडतो.

ठिपका नाहीसा होण्याची कारणं तीन: रेणू सुटला, डाय विझला, किंवा क्रोमॅटिन हलून फोकसबाहेर गेलं. मागची दोन हॅलोटॅग-एच२बी वर मोजायची आणि वजा करायची. समजा तुमच्या प्रथिनाचा दिसणारा सुटण्याचा दर ०.१२ प्रति सेकंद आणि एच२बी चा ०.०५. फरक ०.०७, मुक्काम १४ सेकंद. एच२बी च्या दरात ०.०२ ची चूक झाली तर हेच उत्तर ११ ते २० सेकंदांमध्ये कुठेही पडेल. आणि एच२बी चा दर ०.११ असेल तर उत्तर १०० सेकंद येईल आणि त्याला काहीही किंमत नसेल, कारण तुम्ही डायचंच आयुष्य मोजलेलं असेल. दोन दर जवळ आले की लेसर आणखी मंद करा किंवा मध्ये अंधार ठेवा: ५० मिलीसेकंदांचं एक्स्पोजर, आणि फ्रेममधलं अंतर अनुक्रमे ०.१, ०.५, २, ५ सेकंद. प्रत्येक अंतराला दिसणारा दर गुणिले ते अंतर असा आलेख काढा. रेघेचा चढ हा खरा सुटण्याचा दर आणि अक्षावरचा छेद हे ब्लीचिंग. या पद्धतीत एच२बी वरचं अवलंबन कमी होतं, म्हणून मला ती जास्त भरवशाची वाटते. शिवाय जगण्याचा वक्र दोन घातांकांत बसत नसेल तर तिसरा कोंबू नका. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरसारख्या प्रथिनांत मुक्कामाचं वितरण सलग, घातनियमासारखं पसरलेलं दिसतं, असंही काही अभ्यास दाखवतात. लॉग-लॉग आलेख आधी डोळ्यांनी पाहा.

पेशीवेध

दोघांचेही आभार, फार उपयोगाचं आहे. तीन शंका. नॉक-इन क्लोन हाती येईपर्यंत कमजोर प्रोमोटरवर स्थिर लाइन बनवून काम सुरू केलं तर? डायची स्वतःची पार्श्वचमक किती सहन करावी? आणि संप्रेरक दिल्यावर केंद्रकात ठळक ठिपके दिसतात, ते द्रवबिंदूंसारखे घनीभवन आहेत असं समजावं का?

फोटॉनमोजणी

कमजोर प्रोमोटरची लाइन सेटिंग बसवायला उत्तम आहे. पण टॅग नसलेलं मूळ प्रथिन त्याच जागांसाठी स्पर्धा करत असतं हे विसरू नका, अंतिम आकडे तिच्यावर काढू नका.

पार्श्वचमकीसाठी टॅग नसलेल्या मूळ पेशी त्याच डायने, त्याच वेळ रंगवा आणि एका केंद्रकात फ्रेममागे किती ठिपके दिसतात ते मोजा. टॅग असलेल्या पेशींच्या पाच टक्क्यांवर ते गेले तर धुण्याची फेरी वाढवा किंवा डाय कमी करा. काच नीट साफ नसेल तरीही असेच स्थिर ठिपके दिसतात, आणि ते सगळे 'बांधलेले' म्हणून मोजले जातात. पेशींबाहेरच्या मोकळ्या जागेत तेच ठिपके दिसत असतील तर दोष काचेचा.

ठिपक्यांबद्दल: ट्रान्स्फेक्शनमध्ये दिसलेल्या ठिपक्यांवर काहीही ठरवू नका. प्रमाण वाढलं की अनेक प्रथिनं गोळा होतात. नॉक-इनमध्ये ते दिसले तर पुढे जा. आणि १,६-हेक्सेनडायॉलने ठिपका विरघळला एवढ्यावर 'द्रवबिंदू' म्हणू नका, ते पेशीतल्या इतर अनेक गोष्टीही बिघडवतं. ठिपक्याच्या आत आणि बाहेर एकेका रेणूच्या उड्या मोजा. खरा वेगळा द्रव असेल तर आतल्या मोकळ्या रेणूंचा वेग बाहेरच्यांपेक्षा वेगळा दिसेल आणि सीमेवर ते परत आत वळताना दिसतील. नुसत्या दाट बांधणीच्या जागा असतील तर मोकळ्यांचा वेग आत-बाहेर सारखाच राहील.

रेणूशेजार

'आसपास कोण येतं' याचं उत्तर सूक्ष्मदर्शक देणार नाही, त्यासाठी शेजाऱ्यांवर खूण करणारी एन्झाइम लागतात. दहा मिनिटांच्या प्रश्नासाठी दोनच पर्याय विचारात घ्या, टर्बोआयडी आणि एपेक्स२. २०१२ च्या मूळ बायोआयडीला १८ ते २४ तास लागतात, ते इथे बाद.

टर्बोआयडी २०१८ चं, ३५ किलोडाल्टनचं. बायोटिन घातलं की दहा मिनिटांत सुमारे १० नॅनोमीटरच्या परिसरातल्या प्रथिनांच्या लायसिनवर बायोटिन चिकटवतं. पेशीला इजा नाही, हाताळणी सोपी. पण खूण साठत जाते: बायोटिन आत शिरायलाच काही मिनिटं जातात, आणि एकदा चिकटलेलं बायोटिन निघत नाही. म्हणून '० ते १० मिनिटं' आणि '१० ते २० मिनिटं' असे वेगळे डिश ठेवले तरी तुम्हाला बेरजा मिळतात, क्षणचित्रं मिळत नाहीत. एपेक्स२ मध्ये ५०० मायक्रोमोलर बायोटिन-फिनॉल आधी अर्धा तास देऊन ठेवायचं आणि मग १ मिलीमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड बरोबर एक मिनिट. खूण त्या एका मिनिटाचीच. संप्रेरकानंतर १, ३ आणि १० मिनिटं असे तीन क्षण हवे असतील तर माझा कौल एपेक्स२ लाच.

एपेक्स२ मध्ये यश-अपयश त्या एका मिनिटावर ठरतं. पेरॉक्साइडचं पातळ द्रावण त्याच दिवशी करा. मिनिट संपताच १० मिलीमोलर सोडियम अॅस्कॉर्बेट, १० मिलीमोलर सोडियम अझाइड आणि ५ मिलीमोलर ट्रोलॉक्स असलेल्या थंड बफरने तीनदा धुवा, आणि हेच तिन्ही लायसिस बफरमध्येही ठेवा. ते नसतील तर पेशी फुटल्यावरसुद्धा खूण चालूच राहते, आणि जी प्रथिनं पेशीत कधी एकमेकांना भेटलीच नाहीत ती यादीत येतात. अझाइड विषारी आहे. त्यात आम्ल मिसळू देऊ नका, आणि ते धातूच्या नळ्या असलेल्या बेसिनमध्ये ओतू नका.

टर्बोआयडी वापरलंत तर: ५० ते ५०० मायक्रोमोलर बायोटिन, कमीत कमी जितक्याने भागेल तितकं. थांबवायला डिश बर्फावर ठेवून थंड पीबीएसने निदान पाच वेळा धुवा. हे धुणं टाळलं तर मोकळं बायोटिनच स्ट्रेप्टाव्हिडिन मणी (बायोटिन लागलेली प्रथिनं पकडणारे) व्यापून बसतं आणि प्रथिनं हातची जातात. कोणते मणी किती हे आधी छोट्या टायट्रेशनने ठरवा: मणी काढल्यावर उरलेल्या द्रावणात ब्लॉटवर खूण दिसत असेल तर मणी कमी पडलेत. माध्यमही तपासा. आरपीएमआय १६४० मध्ये मुळातच लिटरला ०.२ मिलिग्रॅम बायोटिन असतं, म्हणजे टर्बोआयडी तुम्ही सांगण्याआधीच हळूहळू काम सुरू करतं. डीएमईएममध्ये नसतं, तरी सीरममधून थोडं येतंच.

ब्लॉट स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपीने करा आणि ब्लॉकिंगला दुधाची पावडर वापरू नका, दुधात बायोटिन असतं; बीएसए घ्या. टॅग नसलेल्या पेशींतही १३० आणि ७५ किलोडाल्टनच्या आसपास पट्टे दिसतील. ती पेशीची स्वतःची बायोटिनधारी कार्बॉक्सिलेज आहेत. ते पट्टे सगळ्या लेनमध्ये सारखे आले तर उलट भरणा समान झाल्याची खूण समजा. मणी धुण्याचा माझा क्रम: आरआयपीए बफर दोनदा, १ मोलर पोटॅशियम क्लोराइड, ०.१ मोलर सोडियम कार्बोनेट, १० मिलीमोलर ट्रिसमध्ये २ मोलर युरिया, पुन्हा आरआयपीए दोनदा. कार्बोनेट आणि युरिया भराभर उरका, तिथे रेंगाळू नका.

नियंत्रण म्हणून नुसती 'टॅग नसलेली पेशी' पुरत नाही. एनएलएस जोडलेलं तेच एन्झाइम, तुमच्या प्रथिनाइतक्याच प्रमाणात, हवं. केंद्रकात हिस्टोन आणि आरएनए बांधणारी प्रथिनं इतकी मुबलक आहेत की ती कोणत्याही एन्झाइमजवळ सापडतात. तुमच्या प्रथिनाजवळ ती एनएलएस नियंत्रणापेक्षा जास्त खुणावली गेली का, एवढाच प्रश्न. प्रत्येक वेळेला तीन स्वतंत्र पुनरावृत्ती. यादीतली वरची दोन-चार नावं मग जिवंत पेशीत फ्लिम-फ्रेटने (चमकीच्या आयुष्यावरून दोन टॅग जवळ आहेत का ते सांगणारं तंत्र) तपासा. एमटर्क्वॉइज२ या टॅगच्या चमकीचं आयुष्य ४ नॅनोसेकंद असतं. ते ३ वर आलं तर फ्रेटची कार्यक्षमता २५ टक्के. फ्रेट दिसलं नाही तर भेट नाही असं मात्र होत नाही. दोन टॅग १० नॅनोमीटरपेक्षा दूर पडले असतील तर भेट होऊनही काही दिसणार नाही.

चढउतार

वर एफसीएसचं (बारीक झोतातून रेणू जाताना होणारे चमकीचे चढउतार मोजण्याचं तंत्र) नावही आलं नाही म्हणून लिहितो. एकेका रेणूच्या ट्रॅकिंगमध्ये मोकळ्या रेणूचा विसरणांक हा सगळ्यात कच्चा आकडा असतो, आणि तोच एफसीएस सगळ्यात चांगला देतं. तुमच्या कॉन्फोकलला फोटॉन मोजणारे डिटेक्टर असतील तर त्याच नॉक-इन पेशी जेएफ६४६ ने पूर्ण रंगवून दहा-दहा सेकंदांच्या नोंदी घ्या.

प्रमाण आवाक्यात आहे का ते आधी पाहा. केंद्रकात प्रथिनाचे ५०,००० रेणू आणि केंद्रकाचं आकारमान १ पिकोलिटर धरलं तर सांद्रता सुमारे ८३ नॅनोमोलर. १ फेम्टोलिटरच्या झोतात १ नॅनोमोलरला ०.६ रेणू असतात, म्हणजे तुमच्याकडे पन्नासेक. चढउतार दिसायला हे चालतं. ट्रान्स्फेक्शनमध्ये सांद्रता मायक्रोमोलरवर गेली की झोतात ६०० रेणू होतात आणि चढउतार गोंगाटात बुडतो. एफसीएसचा जास्तीचा फायदा हा की सांद्रता निरपेक्ष मिळते, आणि नॉक-इनमधल्या प्रमाणाची वेस्टर्नशी ताडणी होते.

झोताची रुंदी जेएफ६४६ सारख्याच लाल लेसरने चमकणाऱ्या अॅटो ६५५ ने मोजा, २५ अंशांवर त्याचा (कार्बॉक्सी रूपाचा) पाण्यातला विसरणांक ४२६ चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद. पण पेशी ३७ अंशांवर आणि कॅलिब्रेशनही ३७ अंशांवर असेल तर ४२६ वापरू नका. पाण्याची श्यानता ०.८९ वरून ०.६९ वर येते आणि विसरणांक सुमारे ५७० होतो. ही एक चूक सगळे आकडे तिसऱ्या हिश्श्याने हलवते. अर्थात बांधलेले रेणू एफसीएसला दिसत नाहीत, ते झोतात बसून विझून जातात. पहिल्या काही सेकंदांत सरासरी चमक घसरताना दिसली तर ती घसरण याच रेणूंची. तो भाग कापून टाका, पण वेगळा जपून ठेवा, तोही माहिती देतो.

आणि एक विनंती, फोटोसाठीसुद्धा पेशी फॉर्माल्डिहाइडने गोठवून 'कुठे बांधलंय' हे ठरवू नका. सॉक्स२ विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांवरून निघून जातं असं गोठवलेल्या पेशींत दिसायचं. २०१६ मध्ये जिवंत पेशींत पाहिल्यावर ते गुणसूत्रांवरच असल्याचं दिसलं. फॉर्माल्डिहाइड ज्या वेगाने जोडतं त्यापेक्षा सेकंदांत सुटणारं प्रथिन वेगवान असतं, आणि जोडणी चालू असतानाच ते मोकळ्या साठ्यात अडकत जातं.

पेशीवेध

शेवटचं: मिनफ्लक्सची संधी मिळाली तर या प्रश्नासाठी वेळ घालवावा का?

मंद_शटर

टक्केवारीसाठी आणि मुक्कामासाठी नाही. मिनफ्लक्स २०१७ मध्ये आलं. डोनटच्या आकाराच्या झोताच्या मधल्या शून्याजवळ रेणू धरून ठेवतं, त्यामुळे अगदी कमी फोटॉनमध्ये नॅनोमीटरची अचूकता मिळते. २०२३ मध्ये किनेसिनची पावलं त्याने मोजली गेली. पण ते एका वेळी एकच रेणू पाहतं. तुम्हाला एका पेशीतून हजारो उड्या हव्यात, त्या हायलोवर वीस-तीस हजार फ्रेममध्ये मिळून जातात. शिवाय केंद्रकाच्या आत, काचेपासून काही मायक्रोमीटर वर, पार्श्वचमक वाढते आणि मिनफ्लक्सची अचूकता तिथेच घसरते.

ते कामी येईल ते बांधलेल्या रेणूसाठी: तो एका जागी घट्ट बसलाय की दहा-वीस नॅनोमीटर इकडेतिकडे सरकत डीएनए चाचपतोय, हे हायलोच्या ३५ नॅनोमीटरच्या अचूकतेत कळत नाही. तो प्रश्न तुमच्या आकड्यांतून उभा राहिला तर तेव्हा वेळ मागा, आणि जाताना जेएफ६४६ ने विरळ रंगवलेल्या हॅलोटॅग-एच२बी च्या पेशीही सोबत घ्या. क्रोमॅटिन स्वतः किती हलतं हे माहीत नसेल तर रेणू सरकला की त्याच्याखालचं क्रोमॅटिन, ते सांगता येणार नाही.